तिकीट कोणाच्या हातात?

बाजूला व्हा, खाट येतेय.

फेब्रुवारी १८०१. वॉशिंग्टन शहर अजून निम्मं नकाशावरच आहे. तुम्ही उभे आहात तो रस्ता म्हणजे नुसता चिखल, त्यावर बर्फ साचलंय. कॅपिटॉलची फक्त उत्तरेकडची बाजू बांधून झालीय आणि तिथे एका आजारी माणसाला खाटेसकट आत नेतायत. हे मेरीलँडचे प्रतिनिधी जोसेफ निकोल्सन. अंग तापाने फणफणलंय, बायको सोबत आहे. आज घरी पडून राहिलं तर मेरीलँड राज्याचं मत समोरच्या पक्षाच्या पदरात पडेल, म्हणून ते आलेत.

त्यांच्या मागोमाग आत शिरा. प्रतिनिधिगृहात राष्ट्राध्यक्ष निवडायचं काम चालू आहे आणि ते काही केल्या पुरं होत नाही. एक फेरी होते, मोजणी होते, तोच आकडा. पुन्हा फेरी, पुन्हा तोच आकडा. रात्र झाली तरी सभागृह उठत नाही. कोणी खुर्चीत पेंगतोय, कोणी डगला ओढून जमिनीवर आडवा झालाय. हाक आली की सगळे डोळे चोळत उठतात. बाजूच्या खोलीत निकोल्सनच्या उशाशी मतपेटी नेतात, बायको हाताला आधार देते आणि ते चिठ्ठीवर नाव लिहितात: जेफर्सन.

सोळा राज्यं, प्रत्येकाला एक मत, जिंकायला नऊ हवीत. थॉमस जेफर्सनकडे आठ आहेत, ॲरन बरकडे सहा, आणि दोन राज्यांच्या प्रतिनिधींमध्ये समसमान फूट आहे. हे दोन्ही उमेदवार एकाच पक्षाचे आहेत. पक्षाच्या मनात जेफर्सन राष्ट्राध्यक्ष आणि बर उपाध्यक्ष असं होतं. पण घटनेप्रमाणे राष्ट्राध्यक्ष निवडण्यासाठी राज्यांनी नेमलेल्या प्रत्येक निर्वाचकाने दोन नावं लिहायची, कोणतं नाव कोणत्या पदासाठी हे सांगायची सोय नाही. त्यांच्या रिपब्लिकन पक्षाच्या निर्वाचकांनी आदेश इतका काटेकोर पाळला की दोघांनाही ७३-७३ मतं पडली. पराभूत झालेल्या फेडरलिस्ट पक्षाने मात्र आपलं एक मत तिसऱ्याकडे वळवून ही अडचण आधीच टाळली होती. आता कोणाला राष्ट्राध्यक्ष करायचं ते या सभागृहाने ठरवायचं, आणि इथे फेडरलिस्टांचं बळ मोठं आहे. जेफर्सनला अडवायला ते बरला मतं देतायत.

ही राज्यघटना १७८७ मध्ये फिलाडेल्फियात लिहिणाऱ्यांना राजकीय पक्ष नकोच होते. घटनेत पक्षांचा उल्लेखही नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जेम्स मॅडिसनने न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात टोपणनावाने लेख लिहून गटबाजीचे धोके समजावून सांगितले. पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी सप्टेंबर १७९६ मध्ये निरोपाचं निवेदन छापलं तेव्हा पक्षीय वृत्तीबद्दल देशाला कळकळीने सावध केलं. तोवर उशीर झाला होता. त्यांच्याच मंत्रिमंडळात अर्थमंत्री हॅमिल्टन आणि परराष्ट्रमंत्री जेफर्सन राष्ट्रीय कर्ज, बँक आणि फ्रान्स यांवरून एकमेकांसमोर उभे ठाकले होते. जेफर्सनने फिलिप फ्रेनो या कवीला परराष्ट्र खात्यात वर्षाला २५० डॉलरवर भाषांतरकार नेमलं होतं आणि हाच फ्रेनो १७९१ पासून सरकारवर तुटून पडणारं वर्तमानपत्र चालवत होता. मॅडिसन आता जेफर्सनच्या बाजूने पक्ष बांधत होता. या माणसांना मी ढोंगी म्हणणार नाही. सरकारला कायम विरोध करायचा तर चार समविचारी माणसांनी एकत्र यावं लागतं, वर्तमानपत्र लागतं, निवडणुकीत एकाच नावामागे उभं राहावं लागतं. हे त्यांना राज्य चालवताना कळलं.

तो पलीकडे बसलेला व्हरमाँटचा मॅथ्यू लायन पाहा. राष्ट्राध्यक्ष ॲडम्सवर टीका छापली म्हणून १७९८ च्या राजद्रोह कायद्याखाली त्याने चार महिने तुरुंग भोगला, आणि तुरुंगात असतानाच मतदारांनी त्याला पुन्हा निवडून दिलं. विरोधी पक्ष असणं हा तेव्हा जवळपास गुन्हा होता.

सहा दिवस उलटतात. पेनसिल्व्हेनिया आणि व्हर्जिनियाचे गव्हर्नर वेळ पडली तर नागरी फौज उभी करतील अशी कुजबुज तुमच्याही कानावर येते. १७ फेब्रुवारीला डेलावेअरचे एकमेव प्रतिनिधी, फेडरलिस्ट पक्षाचे जेम्स बेयर्ड, हट्ट सोडतात. छत्तिसाव्या फेरीत ते कोरी चिठ्ठी टाकतात. व्हरमाँटचा फेडरलिस्ट गैरहजर राहतो, त्यामुळे राज्याचं मत एकट्या लायनच्या हाती येतं आणि जेफर्सनला जातं. मेरीलँडचे फेडरलिस्टही कोऱ्या चिठ्ठ्या टाकतात. दहा राज्यं झाली. ४ मार्चला जेफर्सन आपल्या खाणावळीतून चालत शपथ घ्यायला येतो. ॲडम्स पहाटेच गाव सोडून निघून गेलेला असतो. सत्ता एका पक्षाकडून दुसऱ्याकडे गेली आणि रक्त सांडलं नाही. अमेरिकन लोकशाहीने त्या शतकात मिळवलेली ही सर्वांत मोठी गोष्ट आहे असं मी मानतो. १८०४ मध्ये बारावी दुरुस्ती झाली, दोन पदांसाठी वेगळी मतं आली. ज्या पक्षांचं घटनेत नाव नव्हतं, त्यांच्यासाठी घटना वाकवावी लागली.

मात्र जेफर्सनच्या ७३ मतांमध्ये गुलामांचंही वजन आहे. निर्वाचकांची संख्या ठरवण्यासाठी दक्षिणेच्या राज्यांची लोकसंख्या मोजताना प्रत्येक गुलाम तीनपंचमांश धरला जाई. मत गुलामाला नव्हतं, त्याच्या डोक्यामागे वाढलेलं बळ मालकाच्या राज्याला होतं. त्या जादा मतांवरच जेफर्सन पुढे गेले असं अनेक इतिहासकार मानतात.

पुढची पंचवीस वर्षं आपण भराभर ओलांडू. फेडरलिस्ट संपले, एकच पक्ष उरला, आणि एकच पक्ष उरला की जे होतं ते झालं: आतल्या आत गट. १८२४ मध्ये चार उमेदवार उभे राहिले. सर्वाधिक मतं मिळवूनही अँड्र्यू जॅक्सन प्रतिनिधिगृहात हरला. तेव्हा न्यूयॉर्कच्या मार्टिन व्हॅन ब्युरेनने जॅक्सनच्या पाठीशी पुढचा पक्ष जमवायला घेतला. तो एका खाणावळवाल्याचा मुलगा होता. त्याचा हिशेब त्याने १८२७ च्या एका पत्रात स्वच्छ लिहिला आहे: दक्षिणेचे मळेवाले आणि उत्तरेचे साधे रिपब्लिकन यांची युती. त्यातून डेमोक्रॅटिक पक्ष उभा राहिला, गावोगाव समित्या झाल्या, मिरवणुका निघाल्या. मतदानाला १८२४ मध्ये पात्र मतदारांपैकी जेमतेम चौथा हिस्सा आला होता. १८४० मध्ये दहांतले आठ आले. ही पक्षांची करामत होती. पण या युतीची अट म्हणजे गुलामगिरीबद्दल मौन. १८३२ मध्ये बाल्टिमोरच्या पहिल्या अधिवेशनात डेमोक्रॅट्सनी नियम केला की उमेदवाराला दोनतृतीयांश प्रतिनिधींची मतं हवीत. त्यामुळे दक्षिणेला नको असलेला माणूस तिकिटापर्यंत पोचणं फार अवघड झालं. तो नियम १९३६ पर्यंत टिकला.

आता शिकागोला चला. १८ मे १८६०, शुक्रवार सकाळ.

लेक स्ट्रीटच्या कोपऱ्यावर नव्या लाकडाचा वास येतोय. या सभेसाठीच महिन्याभरात उभारलेला हा प्रचंड मांडव, नाव विगवॅम. आत दहा हजारांच्या आसपास माणसं मावतात म्हणे, पण बाहेर त्याहून जास्त उभी आहेत. तुमच्याकडे प्रवेशपत्र नाही. वरच्या सज्जात बाईच्या सोबतीशिवाय पुरुषाला सोडत नाहीत, म्हणून काही जण रस्त्यावरच्या शाळकरी मुलींना पंचवीस सेंट देऊन आत जोडीने जातायत. तुम्हीही तसेच जा, आणि कठड्याला घट्ट धरून उभे राहा.

ही सभा रिपब्लिकन पक्षाची. नाव जेफर्सनच्या पक्षाचं, पण पक्ष नवा, सहा वर्षांचा. १८५४ मध्ये नव्या प्रदेशांत गुलामगिरीला दार उघडणारा कॅन्सस-नेब्रास्का कायदा झाला आणि विस्कॉन्सिनमधल्या रिपन गावच्या शाळेत, मिशिगनमधल्या जॅक्सन गावच्या ओक झाडांखाली माणसं जमली. डेमोक्रॅट्सचा जुना प्रतिस्पर्धी व्हिग पक्ष त्या धक्क्यात फुटून संपला. आज तिकिटाचा मोठा दावेदार न्यूयॉर्कचा विल्यम सुअर्ड आहे. त्याचे समर्थक सकाळी बँड लावून मिरवत निघाले, आणि दारात पोचले तेव्हा त्यांच्या जागा भरलेल्या होत्या. इलिनॉयच्या अब्राहम लिंकनच्या माणसांनी जादा प्रवेशपत्रं छापून घेऊन दणकट आवाजाचे लोक आधीच आत आणून बसवलेत. खालच्या बैठकीची आखणी इलिनॉयच्या नॉर्मन जडने केलीय: न्यूयॉर्कचे प्रतिनिधी एका टोकाला, आणि ज्यांचं मन वळवायचं ते पेनसिल्व्हेनियावाले त्यांच्यापासून दूर. हॉटेलात रात्रभर न्यायाधीश डेव्हिड डेव्हिस राज्याराज्यांच्या पुढाऱ्यांची मनधरणी करत होता. माझ्या नावावर कोणाला शब्द देऊ नका, असा लिंकनचा स्प्रिंगफील्डहून निरोप होता. पुढे पेनसिल्व्हेनियाचा सायमन कॅमेरॉन लिंकनचा युद्धमंत्री झाला, त्यावरून त्या निरोपाचं काय झालं ते समजून घ्या.

पहिली फेरी: सुअर्ड १७३½, लिंकन १०२. अर्ध्या मताचेही प्रतिनिधी आहेत. दुसरी फेरी: १८४½ आणि १८१. सज्जातून उठलेली आरोळी छातीत घुमते. तिसऱ्या फेरीत तुमच्या आजूबाजूचे सगळे गुडघ्यावर कागद ठेवून पेन्सिलीने बेरीज करतायत. लिंकन २३१½. जिंकायला २३३ हवीत. दीड मत कमी. मोठा हॉल क्षणभर गप्प होतो. ओहायोचा डेव्हिड कार्टर खुर्चीवर चढतो; तो बोलताना अडखळतो, पण जे सांगायचं ते सांगतो: ओहायोची चार मतं दुसऱ्या एका उमेदवाराच्या पदरातून काढून लिंकनला. छपरावर बसलेल्या माणसाला खालून ओरडून सांगतात आणि तोफ उडते. आतल्या आरड्याओरड्यात तोफेचा आवाजही नीट ऐकू येत नाही. न्यूयॉर्कचे लोक डोळे पुसतायत.

जादा प्रवेशपत्रं, रात्रीची देवाणघेवाण, बसण्याच्या जागांचं राजकारण, हे सगळं तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत. यातूनच लिंकन आला. शुद्ध हेतूच्या माणसांनी गुलामगिरीविरुद्ध तीस वर्षं लेख लिहिले होते, भाषणं केली होती. संसदेत बहुमत आणि राष्ट्राध्यक्षपद मिळवायला मात्र पक्ष लागला. नोव्हेंबरमध्ये लिंकनला चाळीस टक्क्यांच्या आत मतं पडली, तरी निर्वाचकांची १८० मतं त्याची होती. दक्षिणेच्या बहुतेक राज्यांत त्याच्या नावाची चिठ्ठीच मिळत नव्हती, कारण तेव्हा मतपत्रिका सरकार छापत नसे, पक्ष छापून वाटत. जिथे पक्षाचा माणूस फिरू शकत नाही तिथे उमेदवार नाही.

डिसेंबर १८६५ मध्ये तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी संपवली. हजारो मैलांवर पुण्यात जोतीराव फुल्यांनी याची नोंद घेतली. १८७३ चं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलं. त्यानंतर चार वर्षांत, १८७६ ची वादग्रस्त निवडणूक एका निर्वाचक मताने जिंकताना, त्याच रिपब्लिकन पक्षाने दक्षिणेतलं सैन्य मागे घेतलं आणि नव्या कृष्णवर्णीय मतदारांना त्यांच्या जुन्या मालकांच्या तावडीत सोडलं. हा विश्वासघात होता. त्याला मी दुसरं नाव देणार नाही.

न्यूयॉर्क, १९०० च्या सुमारास. कोर्टाच्या इमारतीत बूटपॉलिशवाल्याची उंच खुर्ची आहे, तिच्यावर जॉर्ज वॉशिंग्टन प्लंकिट बसलेत. टॅमनी हॉल या डेमोक्रॅटिक संघटनेचे ते वस्तीचे पुढारी. हेच त्यांचं कार्यालय. समोर उभे राहा आणि ऐका. ते मोकळेपणाने बोलतात, पत्रकार विल्यम रिअर्डनने ते सगळं १९०५ मध्ये पुस्तकात छापलंय. कुठे सार्वजनिक बाग होणार ही खबर आधी मिळाली, जमीन घेऊन ठेवली, नंतर सरकारला चढ्या भावाने विकली, यात त्यांना काही गैर वाटत नाही.

पण त्यांचा दिवस बघा. रात्री दोनला दारावरची घंटा वाजते: अटक झालेल्या गुत्तेवाल्याला जामीन हवा. जामीन देऊन झोपतात तोच पहाटे आगीचे बंब. जळालेल्या घरातली कुटुंबं हॉटेलात नेऊन ठेवायची, कपडे द्यायचे, पोटाला घालायचं. सकाळी कोर्टात पकडलेल्या दारुड्यांना सोडवायचं, कोणाचा दंड भरायचा. भाडं थकलेल्या विधवेला घरमालक बाहेर काढतोय, तिला कोर्टातून मुदत मिळवून द्यायची. दुपारी इटालियन माणसाची अंत्ययात्रा, नंतर ज्यू माणसाची. बोटीतून उतरलेल्या आयरिश मजुराला शहरात ओळखणारं कोणी असेल तर हाच. नोकरी, कोळसा, नागरिकत्वाचा कागद, सगळं पक्षाकडून, आणि बदल्यात एक मत. सरकार गरिबासाठी काहीच करत नव्हतं तेव्हा पक्ष करत होता. लाच खाणाऱ्या पुढाऱ्यावर राग धरा, जरूर धरा, पण त्या विधवेला विचारल्याशिवाय निकाल देऊ नका.

आणि त्या संघटनेची ताकद केवढी! जुलै १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकायला याच शहरात उतरले. त्याच वर्षी टॅमनीने आपल्याच पक्षाच्या गव्हर्नरला, विल्यम सुल्झरला, तो ऐकेनासा झाला म्हणून महाभियोग चालवून पदावरून काढलं.

सुधारकांनी या पुढाऱ्यांच्या हातातून एकेक गोष्ट काढून घेतली. १८८१ मध्ये नोकरी न मिळाल्याच्या रागातून एकाने राष्ट्राध्यक्ष गारफील्डवर गोळी झाडली, त्यानंतर १८८३ चा कायदा आला आणि सरकारी नोकऱ्या परीक्षेने भरायला सुरुवात झाली. १८८८ मध्ये मॅसॅच्युसेट्सने सरकारी, गुप्त मतपत्रिकेचा कायदा केला. १९०४ मध्ये विस्कॉन्सिनच्या मतदारांनी कौल दिला की पक्षाचा उमेदवार पुढाऱ्यांनी बंद खोलीत ठरवायचा नाही, पक्षाच्या मतदारांनी प्राथमिक निवडणुकीत ठरवायचा. तिकीट लोकांच्या हाती आलं.

कोणत्या लोकांच्या? टेक्सासला जाऊन बघा. तिथे डेमोक्रॅटिक पक्षाचं तिकीट म्हणजेच विजय, नोव्हेंबरची निवडणूक नावापुरती. आणि पक्षाचा नियम असा की प्राथमिक निवडणुकीत फक्त गोऱ्यांनी मत द्यायचं. पक्ष ही खासगी संघटना आहे, कोणाला आत घ्यायचं ते तिचं तिने ठरवावं, असं सर्वोच्च न्यायालयानेही १९३५ मध्ये मान्य केलं. ह्यूस्टनचे दंतवैद्य लॉनी स्मिथ लढले, थर्गुड मार्शल त्यांचे वकील होते, आणि एप्रिल १९४४ मध्ये न्यायालयाने आपलाच निकाल फिरवला: तिकीट ठरवणं हा निवडणुकीचाच भाग आहे, तिथे वर्णभेद चालणार नाही. अमेरिकन पक्षांवरचा हा सर्वांत महत्त्वाचा निकाल आहे असं माझं ठाम मत आहे.

अटलांटिक सिटी, न्यू जर्सी. २२ ऑगस्ट १९६४, शनिवार. बाहेर समुद्रकाठच्या लाकडी फळ्यांच्या रस्त्यावर तरुण मुलं तिघांची चित्रं घेऊन उभी आहेत. मिसिसिपीत मतदार नोंदणीच्या मोहिमेवर गेलेले चेनी, गुडमन आणि श्वर्नर; त्यांची प्रेतं अठरा दिवसांपूर्वी सापडली. आत डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनाची छाननी समिती बसली आहे. तिच्यासमोर प्रश्न एकच आहे: मिसिसिपीचे खरे प्रतिनिधी कोण? एकीकडे राज्यातल्या अधिकृत पक्षाने पाठवलेलं निव्वळ गोऱ्यांचं शिष्टमंडळ. दुसरीकडे एप्रिलमध्ये स्थापन झालेली मिसिसिपी फ्रीडम डेमोक्रॅटिक पार्टी, ६८ प्रतिनिधी, बहुतेक कृष्णवर्णीय. त्यांना राज्यातल्या पक्षाच्या सभांमध्ये शिरू दिलं नव्हतं, म्हणून त्यांनी सगळ्यांना खुल्या सभा घेऊन आपले प्रतिनिधी निवडले.

छापील झग्यातली एक धिप्पाड बाई लंगडत येऊन टेबलाशी बसते. फॅनी लू हेमर, वय ४६, कापसाच्या मळ्यात बटाईने राबणाऱ्या घरातलं विसावं मूल. ती आधी नाव, पत्ता, जिल्हा सांगते; हातात कागद नाही. ३१ ऑगस्ट १९६२ ला आम्ही अठरा जण मतदार म्हणून नाव नोंदवायला २६ मैलांवर इंडियनोलाला गेलो. घरी आले तर मळेवाला दारात: अर्ज मागे घे, नाहीतर जागा सोड. अठरा वर्षं राबलेली जागा तिने त्याच रात्री सोडली. मग जून १९६३, विनोना गावचा तुरुंग. पोलिसांनी दोन कृष्णवर्णीय कैद्यांच्या हातात दंडुका दिला आणि तिला पालथं झोपवून मारायला लावलं, एक दमला की दुसरा. सगळं का, तर आम्हाला पहिल्या दर्जाचे नागरिक व्हायचंय म्हणून. तुमच्या शेजारच्या खुर्चीतला समिती सदस्य मान खाली घालून बसलाय. तो वर बघत नाही.

वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन घाईने पत्रकारांना बोलावून कॅमेरे आपल्याकडे वळवतात. दक्षिणेची राज्यं सोडून जातील ही त्यांची भीती. पण वाहिन्यांनी हेमरबाईंचं बोलणं त्याच संध्याकाळी पुन्हा दाखवलं आणि देशाने ते पाहिलं. तडजोड आली: फ्रीडम पार्टीला दोन जागा, त्याही राज्याच्या नाहीत, आणि त्यावर कोण बसणार ते वरून ठरलेलं. स्वीकारा, असं अनेक ज्येष्ठ हितचिंतकांनीही सांगितलं. त्यांनी नाकारलं. सगळे सारखेच हाल सोसून आलोत, दोघांनीच का बसायचं, हे हेमरबाईंचं म्हणणं होतं. गोऱ्या शिष्टमंडळातले बहुतेक जण निष्ठेच्या शपथेवर सही करायला नकार देऊन निघून गेले होते. त्या रात्री सहानुभूती असलेल्या इतर राज्यांच्या प्रतिनिधींकडून बिल्ले मागून घेऊन फ्रीडम पार्टीची माणसं सभागृहात शिरली आणि मिसिसिपीच्या रिकाम्या खुर्च्यांत जाऊन बसली.

जॉन्सन नोव्हेंबरमध्ये प्रचंड बहुमताने जिंकले. मिसिसिपीने मात्र रिपब्लिकन गोल्डवॉटरला ८७ टक्के मतं दिली. पुढच्या काही दशकांत दक्षिणेतला गोरा मतदार लिंकनच्या पक्षाकडे गेला आणि कृष्णवर्णीय मतदार जॅक्सनच्या पक्षाकडे. १९६५ चा मतदान हक्क कायदा झाला. मिसिसिपीत आधी सुमारे सात टक्के कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते, १९६७ पर्यंत जवळपास साठ टक्के झाले. आणि १९६८ च्या शिकागो अधिवेशनात फॅनी लू हेमर रीतसर प्रतिनिधी म्हणून आपल्या खुर्चीत बसल्या. सगळं सभागृह उभं राहिलं.

त्याच अधिवेशनात एकही प्राथमिक निवडणूक न लढलेल्या ह्युबर्ट हम्फ्रींना पुढाऱ्यांनी तिकीट दिलं, बाहेर पोलिसांनी तरुणांना झोडपलं, आणि त्यानंतर पक्षाने नियम बदलले. १९७२ पासून दोन्ही पक्षांत प्राथमिक निवडणुकाच निर्णायक ठरल्या. त्याची किंमतही मोजावी लागतेय. प्राथमिक निवडणुकीला येणारा मतदार थोडा आणि कडवा असतो. त्याला खूश ठेवणारा उमेदवार समोरच्या पक्षाशी हातमिळवणी करायला धजत नाही. २०१६ मध्ये रिपब्लिकन नेत्यांच्या मोठ्या वर्गाला नको असलेले ट्रम्प याच वाटेने आले. २०२४ च्या जुलैमध्ये प्राथमिक निवडणुका जिंकलेल्या बायडन यांनी माघार घेतली आणि डेमोक्रॅट्सचं तिकीट पुन्हा प्रतिनिधींच्या मतांवर ठरलं. तरीही बंद खोलीकडे परत जावं असं मला वाटत नाही. विनोनाच्या तुरुंगातून आलेल्या बाईच्या पक्षाला बंद खोलीने दोन खुर्च्या देऊ केल्या होत्या.

ही वाट बाहेरून आलेल्यालाही आत घेते. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदाची प्राथमिक निवडणूक हरले, २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या मतदारसंघातली प्राथमिक निवडणूक जिंकून काँग्रेसमध्ये गेले.

न्यू जर्सीत जिल्हा समित्यांनी अगदी परवापर्यंत एक जुनी चावी हातात ठेवली होती. प्राथमिक निवडणुकीच्या मतपत्रिकेवर पक्षाच्या मर्जीतले उमेदवार एका ठळक ओळीत आणि बाकीचे कुठेतरी कोपऱ्यात छापले जात. मार्च २०२४ मध्ये संघीय न्यायाधीशांनी डेमोक्रॅटिक प्राथमिक निवडणुकीपुरती ही पद्धत रोखली, २०२५ मध्ये राज्याने कायदाच बदलला. एडिसन आणि आसपासच्या मराठी घरांमध्ये नोव्हेंबरच्या निकालावर रात्ररात्र चर्चा रंगतात. ज्यांनी नागरिकत्व घेतलं आहे त्यांना माझी विनंती आहे: जूनमधल्या मंगळवारी होणाऱ्या प्राथमिक निवडणुकीला मतदान केंद्रावर जा. आजवर कोणत्याही पक्षात नाव नोंदवलं नसेल तरी तिथल्या तिथे पक्ष सांगून मत देता येतं. ठरावीक वर्षी त्याच मतपत्रिकेवर तुमच्या वस्तीतून पक्षाच्या जिल्हा समितीवर कोण जाणार हेही ठरतं. तिथे मनाजोगतं नाव दिसत नसेल, तर पुढच्या वेळी स्वतःचा अर्ज भरा.